वहीत लिहिलेलं जेवण

बोईसर
शुक्रवार, ३० मे २०२५

तेजल,

पत्र बघून तुला नवल वाटेल. आपलं बोलणं रविवारचं, फोनवर, पाच मिनिटांचं. जेवलीस का, ड्युटी कशी झाली, नाशकात गरम होतंय का. मी विनोदचं नाव काढलं की तू म्हणतेस, "बाबा, पेशंट आलाय, ठेवते." तुमच्या डायलिसिस सेंटरला रविवारी सुट्टी असते हे मला ठाऊक आहे. मी काही बोलत नाही. म्हणून आज कागदावर लिहितोय.

इकडे ठीक आहे. कंपनीत बॉयलरचं इन्स्पेक्शन झालं, पास झाला. कामगारांचीही तपासणी झाली. माझं बीपी थोडं वर निघालं, एकशे सत्तर. डॉक्टर म्हणाले आठवडाभर रोज मोजा. ते राहून गेलं. काळजी करण्यासारखं नाही.

मुद्द्याचं लिहितो. आईचं वर्षश्राद्ध तिथीने १ जुलैला येतंय, मंगळवारी. दहिवडीहून मैनाआत्या येणार आहे, तिच्यासोबत नीलेशही. तू ये.

विनोद घरी असेल. त्याने चायनीजची गाडी बंद केली हे तुला कोणी सांगितलं नसेल. आईला जाऊन पंधरा दिवस झाले आणि त्याने शेगडी उतरवली. आता एका पॅकिंग युनिटमध्ये ठेकेदाराकडे खोकी चिकटवतो. गाडी बिल्डिंगच्या मागे ताडपत्री घालून उभी आहे. लोक अजून विचारतात. परवा जिन्यात पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, "काय विनोदशेठ, शेजवान कधी चालू? आमची पोरं उपाशी मेली." विनोद हसला. वर्षभर तो असाच हसतो.

तिसऱ्या दिवशी तू त्याला भरल्या घरात म्हणालीस, "आईला तू मारलंस." आईच्या गादीखाली त्याच्या गाडीचा लाल झाकणाचा डबा सापडला होता, तळाशी मंचुरियनचा रस्सा वाळलेला. किडनी गेलेल्या बाईला मीठ म्हणजे काय, हे तू रोज मशीनवर बघतेस. तुला राग आला त्यात नवल नाही. पण तो एक शब्दही बोलला नाही, याचा तू कधी विचार केलास का?

पुढच्या एप्रिलमध्ये मी रिटायर होतो. माझ्या मागे तुम्ही दोघंच आहात एकमेकांना. गेल्या राखीला तो सकाळपासून आंघोळ करून बसला होता. पोस्टमन येऊन गेल्यावर शर्ट बदलून कामावर गेला.

ये.

बाबा

*

शुक्रवार, १३ जून

तेजल,

रविवारी तू म्हणालीस, "पत्र मिळालं. बघते." पुढे काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. नंतर वाटलं विचारायला हवं होतं.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. एका जागी बसवत नाही. उठून गॅलरीत जातो, खाली ताडपत्री दिसते, परत येतो. आज कंपनी दुरुस्तीसाठी बंद आहे, नाहीतर कामावर तरी गेलो असतो.

तुला ओव्हरटाइमचं पाकीट आठवतं का? आठवत असणारच. पाळी संपल्यावर जास्त थांबणाऱ्याला कंपनी नाश्ता देते. दोन समोसे, वेफर्सचं पाकीट, थंड पेयाची छोटी बाटली. मी ते कधी तिथे खाल्लं नाही. पिशवीत घालून घरी आणायचो. तू आणि विनोद दाराशी उभे असायचात. विनोद समोसे घ्यायचा, तू वेफर्स, बाटलीवरून भांडण. शेवटी उरलंसुरलं आई खायची. तू दहावीनंतर सोडलंस, विनोद बाहेर खायला लागला, तेव्हा अख्खं पाकीट तिच्याकडे आलं. मला बरं वाटायचं. बाहेर कुठे तिला कधी नेलं नाही मी. तेवढंच.

तिचं वजन वाढलं तेव्हा गावी सगळे म्हणाले, "नर्मदाला बोईसरचं पाणी मानवलं." अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा ती रडली, आणि तिची समजूत काढायला आलेल्या बायका क्रीमरोल घेऊन आल्या. विनोदने गाडी टाकली त्या वर्षी आपल्या बिल्डिंगीतल्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर मंचुरियनची वाटी होती. आईच ती वाटत होती. किती कौतुक झालं तिचं. "पोरगा हाताशी आला बाई तुमचा." कोणाला काही गैर वाटलं नाही, मलाही नाही. आपल्याकडे माणसाला खायला नाही म्हटलं की चार जण नावं ठेवतात. खायला घातलं तर कोणी ठेवत नाही.

दुखवट्यात आपल्या घरात चूल पेटणार नव्हती, शेजाऱ्यांनीच जेवण आणायचं. शेजारच्या चिमीताई एडवणच्या, त्यांनी वरणभात आणला. बाकीच्यांनी पावभाजी आणली, तिसऱ्या दिवशी हक्का नूडल्सची सहा पार्सलं. तू ती सगळ्यांसमोर डस्टबिनमध्ये ओतलीस. चिमीताई म्हणाल्या, "पोरी, आसा करू नको. आमी काय वाईट मनानं आणलं नाय. दुखात जेवान जात नाय, म्हणून चवीचं आणलं." तू ऐकलं नाहीस. आतल्या खोलीत गेलीस, आईची गादी उचलायला घेतलीस आणि तो डबा निघाला.

मी दारात उभा होतो. तुला दिसलो असेन.

त्या डब्याबद्दल मला एक सांगायचं आहे. पण तू आलीस की समोर बसून सांगेन, पत्रात नीट लिहिता येत नाही.

बाबा

ता. क. फोन रविवारी नेहमीच्याच वेळेला कर. मी वाट बघतो म्हणून म्हणतोय असं नाही.

*

बुधवार, २ जुलै

तेजल,

तू आली नाहीस. रजा मिळाली नाही म्हणालीस. बरं.

काल काय झालं ते लिहितो. मैनाआत्या फोनवरून सांगेलच तुला, पण ती तिच्या पद्धतीने सांगेल. आधी माझ्याकडून कळू दे.

गुरुजी अकराला गेले. आईच्या फोटोपुढे पान वाढायचं होतं. आत्या स्वयंपाकघरात पुरणाचं बघत होती. तिथूनच तिने हाक मारली, "आरं विन्या, तुझ्या आयशीला ते लाल मंचुरी लई आवडायचं. गेल्या खेपेला माझ्यादेखत दोन प्लेटी हाणल्या तिनं. पानात नको व्हय ठेवायला? वरीसभर जीव आडकला आसंल तिचा. जा, काढ ती गाडी, पेटव शेगडी."

विनोद म्हणाला, "आत्या, सिलिंडर नाही."

"आन की शेजारनं."

"आत्या, दुसरं काहीही सांग. ते नको."

नीलेश सोफ्यावर बसला होता. म्हणाला, "बहिणीला घाबरतोय गं आई. ती तिकडं नाशकात हाय, तिला काय दिसतंय?" दोघं-तिघं हसले. मग त्याने आवाज खाली केला, पण ऐकू येईल एवढाच. "आन एकदा खाऊ घातलं तेवढं बास झालं की."

विनोद हसला. तसाच.

मी म्हणालो, "ते मी आणून दिलं होतं."

कोणी ऐकलं नाही. आत मिक्सर चालू होता. मला परत म्हणावं लागलं, मोठ्याने. या घरात मी मोठ्याने कधी बोललो ते मला आठवत नाही. आत्याने मिक्सर बंद केला आणि हात पुसत बाहेर आली. "मारुत्या, काय बोलतोयस?"

आता तुला सांगतो. जसं झालं तसं.

गेल्या वर्षी मार्चपासून आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. तू पथ्य लिहून दिलंस. मीठ बंद, पाणी मोजून. मी पाण्याची बाटली भरून ठेवायचो, एका थेंबाचाही हिशोब चुकू दिला नाही. पण ती रोज म्हणायची, "अहो, जीभ लाकूड झालीय माझी. दुधी, दुधी आणि दुधी. पोरगा सगळ्या गावाला चमचमीत खाऊ घालतो आणि मी त्याची आई." मी दोन-तीनदा आणलं असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. एप्रिलच्या सुरुवातीपासून दर सोमवारी आणि गुरुवारी आणलं. कधी पाकिटातले समोसे, कधी विनोदच्या गाडीवरचं मंचुरियन.

सोमवार आणि गुरुवारच का, ते सांगतो. बॉयलरच्या पाण्यात क्षार साठतात. दर पाळीला खालचा व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी सोडून द्यायचं, क्षार निघून जातात, नवीन पाणी आत घ्यायचं. एकोणतीस वर्षं मी हेच करतोय. डायलिसिस म्हणजे हेच, असं मी डोक्यात धरलं. उद्या सकाळी सगळं धुऊन निघणारच आहे, तर आज संध्याकाळी थोडं आत गेलं म्हणून काय बिघडतं. तुला विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस. विचारलं नाही, कारण तू काय सांगशील ते मला ठाऊक होतं.

विनोदने दिलं नसतं. डायलिसिस लागल्यापासून त्याने तिला चमचाभर सॉस दिला नव्हता. मी त्याला सांगायचो, "आमच्या रामकिसनला पार्सल हवंय." रामकिसन म्हणजे आमचा हेल्पर. पोरगा त्याच्यासाठी म्हणून दोन तुकडे जास्त घालायचा.

आणि वही. रोज सकाळी आठला मी तुला वहीचा फोटो पाठवायचो, वजन, पाणी, बीपी, जेवण. आमच्याकडे लॉगबुकात दर तासाचा आकडा लिहायचा असतो. पण पाळीच्या सुरुवातीलाच पुढच्या चार तासांचे आकडे भरून टाकतात, मीही टाकतो. आकडे तेच येतात, असं आम्ही म्हणतो. आईच्या वहीतही मी संध्याकाळचं जेवण सकाळीच लिहायचो. ज्वारीची भाकरी, दुधी, मीठ नाही. वजन मात्र खरं लिहायचो. नाही, तेही नाही. अंगात पाणी साठून पावणेतीन किलो वाढलं तर दोन लिहायचो. तू ते बघून सांगायचीस, "छान आहे बाबा, असंच चालू ठेवा." तू त्या आकड्यांवर विसंबलीस. गादीखालचा डबा तुला दिसला, वही दिसली नाही. वही तर रोज तुझ्या हातात होती.

११ जुलैला गुरुवार होता. मी डबा आणला. तिने सगळा खाल्ला, रस्सा बोटाने पुसून घेतला आणि म्हणाली, "आज विनूच्या हाताला चव आली हो." सकाळी सातला सेंटरचा फोन आला की मशीनला पाणी पुरवणारं यंत्र बिघडलंय, उद्या या. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. आदल्या रात्री काय खाल्लंय ते त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरीकडे पाठवलं असतं. दुपारी दोनला दम लागून तिला आडवं होता येईना. रिक्षातून पालघरला नेताना उमरोळीच्या पुढे तिने माझा हात सोडला. बाकी तुला माहीत आहे.

काल हे सगळं मी उभ्यानेच सांगितलं. आत्या खाली बसली. नीलेश फोनकडे बघत राहिला. मी विनोदकडे बघितलं नाही, पण तोच आधी बोलला.

"बाबा, बसा. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून. रामकिसन भेटायला आला होता ना. मी विचारलं, भैया, मंचुरियन कसं लागायचं? तो म्हणाला, 'कौन सा मंचुरियन? अपना पेट तो समोसा भी नहीं झेलता.'"

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तेजल माझ्याशी बोलायची बंद झालीच होती. तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमच्याशीही बंद झाली असती. एकाशी तरी बोलू दे म्हटलं."

तेजल, माझा रविवारचा फोन तुझ्या भावाने वर्षभर त्याच्या खात्यातून दिला मला. मी तो घेत राहिलो. आत्याने त्या पानाचा विषय काढला नसता, नीलेश तसं बोलला नसता, तर मी कालही गप्प बसलो असतो. हेही लिहून ठेवतो.

मग पानाचं राहिलं होतं. आत्या रडत म्हणाली, "आता काय वाढू रं त्या पानात?" मी आत गेलो. घरात दुधी होता. पीठ मळलं, दोन भाकरी थापल्या, जाड झाल्या. दुधी बिनमिठाचा शिजवला. तिला नावडतं होतं ते. पण वहीत मी तीन महिने तिला तेच जेवू घातलं होतं. काल खरोखर वाढलं.

रविवारी फोन केला नाहीस तर मला समजेल.

बाबा

*

शुक्रवार, २५ जुलै

तेजल,

तीन रविवार झाले. मला समजलं.

तुला त्रास द्यायला लिहीत नाही. विनोदने गाडीवरची ताडपत्री काढली, एवढंच कळवायचं होतं. गाडी धुतली, काच पुसली. काय विकणार ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खालची पोरं लगेच गोळा झाली, "दादा, नूडल्स?" तो म्हणाला, "गाडी धुतोय फक्त. पळा."

ओव्हरटाइमचं पाकीट मी आता घेत नाही. दोन-तीनदा दुसऱ्यांना दिलं, मग लक्षात आलं की त्यांच्याही घरी दाराशी पोरं उभी असतात. आता टेबलावर ठेवून येतो. कोणीतरी उचलतं.

त्याला फोन कर. मला नको.

बाबा

*

शनिवार, ९ ऑगस्ट

तेजल,

काल टपालाने तुझं पाकीट आलं. वर नाव विनोदचं होतं, फक्त त्याचंच. तेच बरोबर आहे. मी ते त्याच्या उशाशी ठेवलं.

आज त्याने सकाळी आंघोळ केली आणि चिमीताईंच्या नातीला, स्वराला बोलावलं. सहा वर्षांची आहे ती. तिला सांगितलं, "आज तू तेजलआत्या." तिने राखी इतकी घट्ट बांधली की त्याचा हात लाल झाला. वर म्हणाली, "आत्याला काय देशील? मला ते लाल वेफर्स पायजेत." चिमीताई दारातून ओरडल्या, "गप गं, भुईमुगाच्या शेंगा माग." सगळे हसले. विनोदही हसला. हे हसणं वेगळं होतं. तू असतीस तर तुला कळलं असतं.

मग तो राखीचा कागद घडी करून ठेवायला गेला आणि थांबला. आतल्या बाजूला तू पेनाने एक ओळ लिहिली होतीस. त्याने ती मोठ्याने वाचली.

"बाबांचं बीपी कोणी मोजतं का?"

मला विचारलेलं नाही, ते कळलं मला. त्याला विचारलंय.

त्याने कपाटावरून आईचं मशीन काढलं, सेल बदलले. आईची वही काढली. शेवटच्या पानावर माझं अक्षर होतं, ११ जुलै, भाकरी, दुधी. ते पान त्याने उलटलं. मी पेन घ्यायला हात पुढे केला तर म्हणाला, "तुम्ही नाही. तुम्ही फक्त बाही वर करा."

एकशे चौसष्ट, अठ्ठ्याण्णव. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

"काल काय खाल्लं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, भाकरी, मुगाची डाळ. तो पेन धरून तसाच बसला. माझ्याकडे बघत. मग मी सांगितलं. पाकीट टेबलावर ठेवून येतो असं तुला लिहिलं होतं ते रोजचं खरं नाही. परवा आणि काल, दोन-दोन समोसे. तिथेच, बॉयलरच्या मागे उभं राहून.

त्याने तेही लिहिलं.

फोटो तो रोज पाठवेल. वही त्याच्याकडे आहे.

बाबा